सहा नंबरचं मशीन

वैशाली आमच्या घरी आली ती पत्र्याची एक पेटी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन. माझ्या काकांची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी. गावाकडे अमळनेरच्या बाजूला कॉलेज लांब, सुरतेत मोठे भाऊ आहेतच, तेव्हा पोरगी तिथे राहून काहीतरी शिकेल आणि वहिनीला कामात हात देईल, असा काकांचा हिशेब होता. मी दारात उभी राहून तिच्या पेटीकडे पाहत होते. आमच्या खोलीत पेटी ठेवायला एकच जागा होती, पलंगाखाली, आणि तिथे माझी पेटी होती. त्या संध्याकाळी आईने माझी पेटी पोटमाळ्यावर चढवली. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाचं पोट दुखू शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमची खोली दिंडोलीला होती. मागच्या गल्लीत लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, आणि त्यांचा खटखटाट दिवसभर आमच्या भिंतीत मुरलेला. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. आठवड्याच्या सुट्टीला लाइट बंद व्हायची, लूम थांबायचे, तेव्हा मात्र कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं आणि आम्ही उगाच हळू बोलायला लागायचो. अप्पा याच एका खात्यात बारा तासांची पाळी करत. आयुष्यभर लूमवर ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या उडिया कारागिराला वाटायचं की भांडण चाललंय. आई घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायची. त्या गोंदाचा वास आमच्या भाजीला, गोधडीला, वह्यांना, सगळ्याला होता. वैशाली आली आणि तिसऱ्या दिवशी आईपेक्षा सरळ रांगेत टिकल्या लावू लागली. आई ती साडी उजेडात धरून म्हणाली, "देख अलका, हाई शे हात." मी माझ्या हातातली साडी गुंडाळून ठेवली.

कॉम्प्युटरचा क्लास माझा होता, हे आधी सांगायला हवं. वैशाली यायच्या आधीच मी पहिला भाग पुरा केला होता: फाइल उघडणं, टाइप करणं, अक्षर ठळक करणं, छापणं. फरसाणाच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत तो क्लास चाले. जिना चढताना तळणीचा वास अंगाला लागायचा आणि रविवारी खाली लोचो या वाफवलेल्या सुरती नाश्त्यासाठी रांग असायची तेव्हा वर जायला धक्काबुक्की करावी लागे. आठ मशीन, त्यांचे डोक्याएवढे जाड काचेचे पडदे, एक पंखा आणि हसमुखसर. सर सुरती, पोट पुढे, स्वभाव सैल, हिंदी-गुजरातीची खिचडी करून शिकवणारे. दुसऱ्या भागात ते तक्ते, समास, पानाचं डोकं आणि पाय, नावांची क्रमवारी आणि शेवटी एकाच पत्रावर शेकडो पत्ते आपोआप टाकायची युक्ती शिकवणार होते. माझी नजर आणखी एका गोष्टीवर होती. सरांना सकाळच्या बायकांच्या बॅचसाठी एक मदतनीस हवी होती आणि ती ते या दुसऱ्या भागातूनच निवडणार होते. क्लासमधल्या मुलींत मराठी, गुजराती, हिंदी आणि थोडं इंग्रजी येणारी मीच एकटी. जागा माझीच, असं मी मनातल्या मनात पक्कं करून टाकलं होतं.

तर अप्पा म्हणाले, वैशालीलाही घाल. सर म्हणाले, बघू, दोघी एका मशीनवर बसा. सहा नंबर. अर्धा तास ती, अर्धा तास मी, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. आई म्हणाली, "दोन्हीजनी संगेच शिका. भांडू नका." आम्ही भांडलो नाही. भांडायला समोरचं माणूसही भांडणारं लागतं, आणि वैशाली घड्याळाचा काटा सहाला टेकायच्या आत उठून माउस माझ्याकडे सरकवायची. मी मात्र माझा अर्धा तास संपला की आणखी एक ओळ, आणखी एक ओळ करत पाच मिनिटं तरी खायचे.

पहिला भाग न शिकलेली ही मुलगी दुसऱ्या भागात मागे पडेल, अशी माझी खात्री होती. तिने माझी जुनी वही मागून घेतली, चार दिवसांत उतरवून काढली. सर बोलत ते गुजराती तिला निम्मं कळायचं नाही. ती फक्त सरांच्या हाताकडे बघायची, कुठे दाबलं, मग कुठे, आणि वहीत देवनागरीत लिहायची: "वरती तिसरं चित्र, मग दुसरी ओळ, मग ओके." मला हसू यायचं. आज मी स्वतः शिकवते तेव्हा गोंधळलेल्या बाईला मी हेच सांगते, की नाव लक्षात ठेवू नका, हात कुठे जातो ते लक्षात ठेवा. हे कोणाकडून उचललं ते सांगत नाही.

मग तो मोहरीचा दिवस आला. सरांनी एक अर्ज टाइप करायला दिला होता, उजवीकडे तारीख, मधोमध विषय, खाली नावांच्या दोन रांगा. माझा कागद छापून आला तेव्हा सुंदर दिसत होता. मी नावं एकाखाली एक यावीत म्हणून जागा सोडायची लांब कळ दाबत, डोळ्याने मोजत, जीव ओतून रांगा जुळवल्या होत्या. सर आले, माझ्या पडद्याकडे बघितलं आणि वरचं एक चिन्ह दाबलं. त्याने पानावर न दिसणारं सगळं दिसायला लागतं. प्रत्येक रिकाम्या जागेला एक ठिपका. माझं पान ठिपक्यांनी भरून गेलं. सर मोठ्याने हसले. "अलका, आ शुं राई वेरी छे तें?" ही काय मोहरी सांडलीस, असं. सगळा क्लास वळून बघायला लागला. मग त्यांनी वैशालीची फाइल उघडली, तेच चिन्ह दाबलं. प्रत्येक नावामागे एकच बारीक बाण. स्वच्छ सारवलेलं अंगण जणू. तिने टॅबची कळ एकदा दाबली होती आणि काम झालं होतं. "जो, आने कहेवाय काम. बहु सरस." बघ, याला म्हणतात काम, असं. वैशालीने मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचाही मला राग आला.

घरी येताना ती म्हणाली, "तुले शिकाडू का? सोपं शे." मी म्हणाले, मला येतं. त्या संध्याकाळी वांग्याचं भरीत होतं, माझ्या आवडीचं, हिरव्या मिरचीचा ठसका लागणारं, आणि मी जेवले नाही. अप्पा पाळीवरून आल्यावर आईने सगळं सांगितलं, कौतुकाने, वैशालीच्या बाजूने. अप्पा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आपला घरमा एक तरी हुशार निंघनी." शेजारपाजारपर्यंत ऐकू गेलं असणार. मी कुशीवर वळून भिंतीला कान लावला. लूम चालू होते.

त्याच हिवाळ्यात माझ्या भावाचं, संजयचं, लग्न ठरलं. खानदेशातल्या लग्नाची पत्रिका म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्याला समजायचं नाही. वधूवरांची नावं दोन ओळींत आटोपतात. खाली भाऊबंदांची यादी असते, आणि लोक पत्रिका हातात घेतात ती तिथूनच वाचायला लागतात. आपलं नाव आहे का, कुणाच्या वर आहे, कुणाच्या खाली आहे. क्रम वयाचा आणि मानाचा. आमच्या यादीवर घरात आठ दिवस खल झाला. सगळ्यात वर हिरामणतात्या, अप्पांचे सगळ्यात थोरले चुलतभाऊ, ज्यांच्या हाताने आमच्या भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाला पहिला टिळा लागतो. मग सुकदेवआबा, मग बाकीचे. आणि सगळ्यात शेवटी अभिमनकाका. बांधावरून त्यांचं आणि तात्यांचं अनेक वर्षं बोलणं नव्हतं. त्यांचं नाव टाकायचं की नाही यावरच दोन दिवस गेले, आणि शेवटी टाका, पण तळाशी टाका, असं ठरलं.

पत्रिकेचा मजकूर टाइप कोण करणार? मी बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "वैशाली करी." माझ्या सख्ख्या भावाचं लग्न. मी ताटातली भाकरी कुस्करत बसले. आईच्या लक्षात आलं असावं, कारण तिने न मागता माझ्या पानात तूप वाढलं. तुपाने काही होत नव्हतं.

वैशालीने सहा नंबरवर बसून ती यादी तक्त्यात मांडली, तक्त्याच्या रेघा लपवल्या, प्रत्येक नावाआधी 'श्री.' एका रेषेत आणला. अप्पांनी छापलेला कागद लाल पेनाने तपासला, एकही खूण करावी लागली नाही. दोन दिवसांनी मुहूर्ताची वेळ बदलली, म्हणून ती एक ओळ बदलून फाइल प्रेसला द्यायची होती. ती संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. वैशालीने वेळ बदलली, फाइल जतन केली आणि पेन ड्राइव्ह मागायला सरांच्या खोलीत गेली. सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते, त्यामुळे ती दारात थांबली. मशीन उघडं होतं. माउस माझ्यासमोर होता.

त्याच आठवड्यात सरांनी क्रमवारी लावायला शिकवलं होतं. तक्ता निवडायचा, एक चिन्ह दाबायचं, 'अ' पासून 'ह' पर्यंत नावं आपोआप रांगेत उभी राहतात. मी लिहिताना इथे थांबले होते, दोन दिवस. माउसला चुकून हात लागला असं लिहावं का, असा विचार करून पाहिला. नाही लागला. तीन ठिकाणी दाबावं लागतं, तीन वेळा चुकून हात लागत नाही. मी क्रमवारी लावली. अभिमनकाका तळातून उसळून सगळ्यात वर आले. हिरामणतात्या घरंगळत अगदी खाली गेले. मी फाइल जतन केली, खुर्ची मागे घेतली आणि वहीत डोकं घातलं. माझ्या मनात एवढंच होतं की प्रेसवाला विचारेल, सर बघतील, वैशालीला चारचौघांत एकदा "ही काय मोहरी" ऐकायला मिळेल. वैशाली आली, पेन ड्राइव्ह लावला, फाइल चढवली. आताच तर तपासलंय, पुन्हा कशाला उघडायची, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं.

प्रेसवाल्याने विचारलं नाही. अप्पा पाळीवर होते, त्यांनी निरोप दिला की तपासलेलं आहे, छाप. पत्रिकांचा गठ्ठा घरी आला तेव्हा आईने देवापुढे ठेवून पहिल्या पत्रिकेला हळदीकुंकू लावलं. आईला वाचता येत नव्हतं. दुसरी पत्रिका रीतीप्रमाणे तात्यांची, आणि गावाला निघालेला एक नातेवाईक दारात उभाच होता. आई मला म्हणाली, तात्यांच्या पत्रिकेला तू कुंकू लाव. मी लावलं. तेव्हा बोलता आलं असतं. पत्रिका हातात होती, माणूस चपला घालत होता, तोंड माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांचा फोन आला. लूमला सुट्टी होती, म्हणून अप्पा घरी होते आणि गल्ली शांत होती. तात्यांचा आवाज अप्पांच्या कानाला लावलेल्या फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "अभिमन पहिला अनि मी शेवटला? मी काय तुना घर पत्रावळ्या उचलाले येवाव शे का?"  फोन ठेवून अप्पांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली आणि उभ्याने वाचली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अप्पांना मी पहिल्यांदाच बिनआवाजाचं पाहिलं. मग ते वैशालीकडे वळले, आणि बोलले ते इतकं हळू की मला भीती वाटली. "पोरी, हाई कोनी करं?"

वैशालीने पत्रिका घेतली. ती वरून खाली गेली, पुन्हा वर आली. तिला समजलं, हे मला दिसलं. नावं अशी आपोआप विस्कटत नाहीत, अशी लावावी लागतात, आणि ते त्या घरात दोघींनाच येत होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी पण रागावले असते, आणि मग कदाचित सगळं बाहेर आलं असतं. पण ती बघत होती ती मी काही बोलते का, याची वाट. मी टिकल्यांची डबी उघडून बंद केली. ती अप्पांना म्हणाली, "मनी चूक शे, मोठाबाबा. मी नीट देखं नही."

अप्पांनी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. "सकायनी गाडीवर गावले जाय," म्हणाले. "तात्याना पाय धर. आते आठे ऱ्हावानं काम नही." दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. आई मधे पडायला बघत होती, पण तात्या टिळ्याला आले नाहीत तर मुलाचं लग्न कसं होणार, या धसक्याने तीही दशम्यांचं पीठ मळायला उठली.

सकाळी उधन्याच्या फलाटावर तिला सोडायला मीच गेले. आईने तिला दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. गाडी यायला वेळ होता. मी मनात वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य 'पण' पाशी अडत होतं. गाडी लागली, ती खिडकीशी बसली, आणि गाडी हलता हलता म्हणाली, "अलका, मंगळवारले सर ते पाकिटवरना पत्ता शिकाडतीन ना, ते माले चिठ्ठीम्हा लिखी धाड. तेवढंच ऱ्हायनं शे." मी हो म्हणाले.

तात्यांच्या पायावर डोकं ठेवून ती किती वेळ बसली होती हे आम्हाला नंतर कळलं. तात्या विरघळले, लग्नाला आले, टिळा लावला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच तिच्यासाठी पारोळ्याकडचं स्थळ आणलं आणि लग्न लावून टाकलं. मंगळवारी मी सहा नंबरच्या मशीनवर एकटी बसले. पूर्ण तास माझा. सरांनी पत्त्यांची युक्ती शिकवली, मी वहीत एकेक पायरी उतरवली, वैशालीच्या पद्धतीने, वरती कुठलं चित्र, मग कुठली ओळ. संजयच्या लग्नाच्या पत्रिका क्रम सुधारून पुन्हा छापल्या, त्यांची सगळी पाकिटं मी मशीनवर काढली. अप्पांनी एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, चांगलं शे. मदतनिसाची जागा मला मिळाली, पुढे सरांचा क्लासच मी चालवायला घेतला. वहीतलं ते पान फाडून मी वैशालीसाठी पाकिटात घातलं होतं. आज टाकू, उद्या टाकू करत ते पाकीट आईच्या गोंदाच्या डब्याखाली पडून राहिलं, गोंद लागून चिकटलं, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत गेलं.

परवा वैशालीच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. अप्पा, तात्या, अभिमनकाका, आता कुणीच नाही. वैशालीने मधल्या काळात जुना कॉम्प्युटर घेतला आणि गावातल्या लोकांच्या पत्रिका, अर्ज टाइप करून देते, हे ऐकून होते. मी रीतीप्रमाणे आधी खालची यादी पाहिली. पहिलं नाव माझं होतं. अलका. बायकांची नावं पुरुषांच्या मधेच, 'श्री.' आणि 'सौ.' काढून टाकलेले, नुसती नावं, 'अ' पासून 'ह' पर्यंत. मानाचा क्रम नाही, वयाचा नाही. आमच्या भावकीत अशी पत्रिका त्याआधी एकदाच निघाली होती. म्हणजे ती काही विसरलेली नव्हती, आणि मला ते कळावं म्हणून तिने मला सगळ्यात वर बसवलं होतं. मान दिला की कान धरला, हे मी तासभर ठरवत बसले. मग कपाटातून पट्टी काढली आणि नावांच्या कडेला लावून पाहिली. एकही नाव सुतभर हललेलं नव्हतं. या वयातही मी ती पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली.

मग मी पाकीट उलटलं. माझा पत्ता बॉलपेनाने लिहिलेला होता, हाताने, दिंडोली शब्दाशी शाई थोडी फुटलेली. इतकी नेटकी पत्रिका आणि पाकिटं हाताने. चार-पाचशे तरी असतील, बिचारीची बोटं दुखली असतील. हे तिला येत नाही, माझ्या मनात आलं, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत. मग आठवलं, हे तिला का येत नाही ते.